शेजारच्या बाजूला ब्रेक नको

ज्या वर्षी मास्तरांच्या धाकट्या मेव्हणीच्या मुलीचं लग्न ठरून मोडलं आणि चार महिन्यांनी त्याच मुलाशी पुन्हा ठरून लागलं, त्या वर्षातली ही गोष्ट. लग्नात पहिल्या रांगेतली एक खुर्ची कुणी न सांगताच रिकामी राहिली होती आणि शेजारच्या खुर्चीवर मास्तर दोन्ही हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत बसून होते. त्यानंतर आठवड्याभरात, जुलैमधल्या एका दुपारी, ते मोरीत कप विसळत असताना फोन वाजला. एका तरुण मुलीचा आवाज होता. मॅडम आहेत का, असं तिनं विचारलं. मास्तर म्हणाले, नाहीत. बाहेर गेल्यात का, कधी येतील, असं तिनं विचारलं तेव्हा त्यांच्या तोंडून निघालं, सांगता येत नाही. मग ती मुलगी एका दमात बोलत सुटली. मॅडमनी फेब्रुवारीत टेस्ट ड्राइव्हसाठी नाव दिलं होतं, ती टर्बोवाली छोटी सेडान, तेव्हा गाडी यायची होती, आता आलीय, परवा गुरुवारी अकराची वेळ त्यांच्यासाठी राखून ठेवलीय, तेवढं त्यांना सांगाल का? सांगतो, असं म्हणून मास्तरांनी फोन ठेवला आणि सांगण्यासाठी आतल्या खोलीकडे वळले. दोन पावलं गेल्यावर थांबले. हातातल्या कपाचं पाणी पायावर ठिबकत होतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. बत्तीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवली. शिकवायच्या गाडीत दोन माणसांच्या पायाखाली ब्रेक असतो, चालवणाऱ्याच्या आणि शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्याच्या. मास्तरांचं सगळं आयुष्य त्या शेजारच्या सीटवर गेलं. डॉक्टर, शिंपी, नवऱ्यामुली, रिटायर झालेले हेडक्लार्क, सगळे उजवीकडे बसून घाम पुसायचे आणि मास्तर डावीकडून शांतपणे सांगायचे, घाबरू नका, तुम्हाला जे दिसत नाही ते मला इथून दिसतं, म्हणून तर एक ब्रेक माझ्याकडे आहे. हे वाक्य त्यांनी हजारदा म्हटलं असेल. गाडी शिकवायची शाळा बंद करून दोन वर्षं झाली तरी त्यांच्या उजव्या पायाची खोड गेली नव्हती. बसमध्ये, लेकाबरोबर व्याह्यांच्या गाडीत, सिनेमात एखादी गाडी समोरून आली तरी तो पाय आपोआप खाली दाबला जायचा. झोपेतसुद्धा. बायको म्हणायची, माझी नडगी बघा, बत्तीस वर्षांचे ब्रेक आहेत हिच्यावर.

ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि समासात खूण करायची. दोघांचा धंदा एकच, असं ती पाहुण्यांना सांगायची, फक्त माझी चूक छापल्यावर कळते, यांची आपटल्यावर. लेक तिसरीत होती तेव्हा तिनं एकदा मनावर घेतलं होतं, मलाही शिकवा. मास्तरांनी शिकवलं. रोज पहाटे, अकरा दिवस. अकराव्या दिवशी पाण्याच्या टाकीच्या वळणावर समोरून सायकलवाला आला, मास्तरांच्या पायानं ब्रेक दाबला आणि गाडी आचका देऊन उभी राहिली. तिनं इंजिन बंद केलं, हॅण्डब्रेक ओढला, ओढणीची टोकं सावरून खाली उतरली आणि खिडकीतून वाकून म्हणाली, "गाडी तुम्हीच चालवताय. मी नुसतं चाक धरलंय." आणि चालत घरी निघून गेली. पुढची कितीतरी वर्षं मास्तर हा किस्सा विद्यार्थ्यांना हसवायला सांगत. गावाला शिकवलं, पण घरात हात टेकले. ती तिथे असली तर तीही हसायची. त्या सायकलवाल्याला ती चुकवणार होती की नव्हती, हे मात्र त्यांनी तिला कधी विचारलं नाही. त्यांना ते विचारण्यासारखं वाटलंच नव्हतं.

त्यामुळे गुरुवारी सकाळी दाढी करताना त्यांनी स्वतःची समजूत घातली की हा काहीतरी घोळ आहे. तिच्या नावाची दुसरी कुणीतरी बाई असेल, नंबर चुकून आपला लागला असेल. जाऊन तोंडानं सांगायचं, बाई गं, ती नाही आता, नाव खोडून टाक. फोनवर जे जिभेवर आलं नाही ते समोरासमोर येईल. घरची गाडी मार्चपासून आच्छादनाखाली उभी होती. त्या दिवसानंतर तिला हात लावला नव्हता. आच्छादनावर धूळ आणि वाळलेली पानं साठली होती आणि एका मांजरीनं टपावर बसून बसून खळगा केला होता. तिच्याकडे न बघता मास्तर फाटकाबाहेर पडले आणि चालत निघाले.

शोरूमची फरशी इतकी गुळगुळीत होती की तिच्यात दिवे उलटे टांगल्यासारखे दिसत होते. नव्या रबराचा आणि नव्या कापडाचा वास होता, कुठल्याही गाडीला पहिले सहाच महिने येतो तो. फोनवरची मुलगी लगबगीनं पुढे आली. पंचविशीची असेल, नव्या बुटांनी टाच सोलली होती म्हणून तिथे चिकटपट्टी लावलेली. मॅडम नाही आल्या, असं तिनं विचारलं आणि मास्तरांनी घोटून आणलेलं वाक्य तसंच राहिलं. मी बघून घेतो आधी, असं ते म्हणाले. मुलीला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिनं एक फाइल उघडली, त्यांच्यापुढे सरकवली, आणि पाहुण्यांचं ओळखपत्र शोधायला पलीकडच्या टेबलाचा खण धुंडाळू लागली. फाइलमधल्या पहिल्याच कागदावर बायकोचा फोटो होता. केस मागे घट्ट बांधलेले, ओठ मिटलेले, चुकीचा शब्द सापडला की ती ज्या नजरेनं कागदाकडे बघायची तीच नजर. लायसन्सची प्रत होती ती. मास्तरांनी आयुष्यात इतकी लायसन्सं हाताळली होती की खरंखोटं बोटांना कळायचं. त्यांनी तारीख वाचली. पावणेदोन वर्षांपूर्वीची, ऑक्टोबरमधली. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. तारीख तीच होती.

ऑक्टोबर म्हणजे ते सोमवार आणि गुरुवार. छापखान्यात जादा काम आलंय, मोठा कोश निघतोय, दुपारी जावं लागेल, असं ती म्हणायची आणि जेवण झाकून ठेवून जायची. परत यायची तेव्हा तिच्या गालांवर तांबूस छटा असायची. मास्तरांना वाटायचं, उन्हाची. एकदा त्यांनी म्हटलंही होतं, या वयात कशाला इतकी दगदग. ती म्हणाली होती, कोश आहे हो, अक्षर सुटून चालत नाही. आता शोरूमच्या गार हवेत बसून त्यांच्या डोक्यात एकेक कडी जुळत गेली. पलीकडच्या गल्लीत त्यांचीच एक जुनी विद्यार्थिनी गाडी शिकवायची शाळा चालवते, फक्त बायकांसाठी. भेटायला आली होती ती, पहिल्या आठवड्यात. खुर्चीच्या कडेवर टेकून बसली, पाण्याचा पेला हातात फिरवत राहिली आणि जाताना दारात म्हणाली, मास्तर, काकू कधीच घाबरायच्या नाहीत. मास्तरांना वाटलं, ती आजारपणाबद्दल, मरणाबद्दल बोलतेय. त्यांनी मान डोलावली होती. तिनं अजून काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं आणि चपला शोधू लागली.

ओळखपत्र घेऊन मुलगी परत आली आणि मॅडमविषयी आपण होऊन बोलू लागली. त्या दोनदा आल्या होत्या. दुसऱ्या वेळी जुनी, साधी गाडी चालवून बघितली, अगदी सफाईनं. मुलीनं विचारलं होतं, रोजच गाडी चालवता का कुठे, तर हसल्या होत्या. गाडी लहान हवी पण दमाची हवी, म्हणाल्या. सिग्नल सुटल्यावर मागच्यांनी हॉर्न वाजवलेले आवडत नाहीत, मिस्टर चाळीसच्या वर जात नाहीत, पंधरा वर्षं मी मागचे हॉर्न ऐकतेय. मुलगी हे सांगताना हसली आणि मग समोर मिस्टरच बसलेत हे लक्षात येऊन जीभ चावली. मास्तरही थोडं हसले. फाइलच्या तळाशी एक रकाना होता, ग्राहकाच्या विशेष अपेक्षा, असा. तिथे रंग नाही, सनरूफ नाही, काही नाही. मुलीच्या गोल अक्षरात एकच ओळ होती: शेजारच्या बाजूला ब्रेक नको. मुलगी म्हणाली, मी त्यांना सांगितलं, मॅडम, कुठल्याच साध्या गाडीत तिथे ब्रेक नसतो. तर म्हणाल्या, तरी लिहून ठेव, खात्री असलेली बरी. त्यांना सरप्राइज द्यायचं होतं हो तुम्हाला, वाढदिवसाला. मी आत्ता बोलून बसले, सांगू नका त्यांना माझं नाव. मास्तरांचा वाढदिवस एप्रिलमध्ये होऊन गेला होता. ते म्हणाले, नाही सांगत.

याच क्षणी उठून जायला हवं होतं. ते त्यांना कळत होतं. पण किल्ली हातात आली होती आणि हात तिला सोडत नव्हता. गाडी राखाडी रंगाची, बुटकी, बसल्यावर जमिनीजवळ आल्यासारखं वाटणारी. मास्तर सीट पुढे घेऊ लागले, मग थबकले. बायको त्यांच्यापेक्षा वीतभर बुटकी होती. तिनं अजून दोन खाचा पुढे घेतली असती, पाठ सरळ केली असती, मागचा आरसा खाली वळवला असता. त्यांनी सीट तिच्या मापावर आणली. गुडघे चाकाला टेकले. मुलगी म्हणाली, सर, तुम्हाला अडचण होतेय. ते म्हणाले, असू दे.

रस्त्यावर आल्यावर मुलीनं समजावून सांगितलं की ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर काहीच होत नाही, दचकू नका, टर्बोला जरा श्वास भरून घ्यायला लागतो. मास्तरांनी दाबला. खरंच काही झालं नाही. इंजिन नुसतं गुरगुरलं, जणू ऐकलंच नाही. त्यांनी जुन्या सवयीनं पाय सैल करायला घेतला आणि तेवढ्यात मागून कुणीतरी दोन्ही तळवे पाठीला लावून ढकलावं तशी गाडी पुढे झेपावली. दुकानांच्या पाट्या एकीत एक मिसळल्या. साठ, सत्तर. शेजारी हालचाल झाली म्हणून त्यांनी तिरक्या नजरेनं पाहिलं. मुलीच्या तोंडावर शिकवलेलं हसू तसंच होतं, पण चिकटपट्टी लावलेला तिचा पाय खाली चटईत रुतला होता, नसलेला ब्रेक दाबत. मास्तरांना त्या पायाची इतकी ओळख पटली की त्यांनी लगेच वेग कमी केला आणि तिची माफी मागितली. मुलगी म्हणाली, नाही हो सर, छान चालवताय. खोटं बोलताना ती चाकाकडे बघत होती. तो सूरही मास्तरांच्या ओळखीचा होता. नापास झालेल्यांना ते स्वतः त्याच सुरात सांगायचे, तुमची काही चूक नव्हती, परीक्षक कडक होता. त्या दिवशी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनंही त्याच सुरात, हातातल्या कागदाकडे बघत सांगितलं होतं की पाच मिनिटं आधी आणलं असतं तरी फार फरक पडला नसता.

तेव्हाच त्यांच्या ध्यानात आलं की हा रस्ता तो रस्ता आहे. टेस्ट ड्राइव्हचा नेहमीचा मार्ग, मुलगी सांगत होती, तीन सिग्नल लागतात, पण त्यांच्यापुढे दवाखान्यानंतर एकदम मोकळा आहे. पहिला सिग्नल हिरवा मिळाला. दुसराही. त्या सकाळी दोन्ही लाल होते. सत्तर सेकंदांचा लाल असतो इथे, मास्तरांनी कितीजणांना इथे थांबायला शिकवलं होतं, पांढऱ्या पट्टीच्या हातभर अलीकडे, न्यूट्रल, हॅण्डब्रेक. त्या सकाळी बायको शेजारी बसली होती, छातीवर मूठ दाबून, कपाळावर घामाचे थेंब, आणि मास्तर पट्टीच्या हातभर अलीकडे थांबले होते. न्यूट्रल. हॅण्डब्रेक. बत्तीस वर्षांच्या पायाला दुसरं काही येतच नव्हतं. तिसऱ्या सिग्नलला दवाखान्याची पाटी समोर दिसत होती, शंभर पावलांवर. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं असं नंतर त्यांना वाटायचं, पण खात्री नव्हती, कारण उजवीकडून एक रस्ता येऊन मिळतो आणि कोपऱ्यावर विजेची मोठी पेटी उभी आहे. चालवणाऱ्याला त्या पेटीपलीकडचं काही दिसत नाही. म्हणून तर थांबायचं. तेव्हा तिनं मूठ छातीवरून काढून गिअरवरच्या त्यांच्या हातावर ठेवली होती आणि म्हणाली होती,

"मी चालवू का?"

गप्प बस, बोलू नकोस, श्वास घे, असं मास्तर म्हणाले होते. नंतर डॉक्टरला सांगितलं, हिला भ्रम व्हायला लागला होता. लेकाला फोनवर तेच सांगितलं, लेकीला सांगितलं, भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. शेवटी तिचं भान सुटलं होतं, काहीतरीच बोलत होती बिचारी, मी चालवू का म्हणाली मला. लोक चुकचुकायचे. कुणी म्हणालं, बरं झालं, भान नव्हतं म्हणजे त्रास जाणवला नसेल. चार महिने मास्तर त्या वाक्यावर डोकं टेकून झोपत होते. तिला काही कळत नव्हतं. आणि इकडे फाइलमध्ये तिचं लायसन्स होतं, पावणेदोन वर्षांचं जुनं, पहिल्याच प्रयत्नात मिळवलेलं असणार.

तिसरा सिग्नल लाल होता. मास्तर पट्टीच्या हातभर अलीकडे थांबले. उजवीकडे विजेची पेटी होती, तिच्यावर कुणीतरी चिकटवलेली आणि अर्धी फाडलेली जाहिरात. हिरवा झाला. मागून एक हॉर्न आला, मग दुसरा. मुलगी हलकेच म्हणाली, सर, सुटलाय. मास्तरांनी धोक्याचे दिवे लावले आणि तिला विचारलं की जरा जागा बदलूया का, तुम्ही चालवा. तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पट्टा सोडला. मागचे लोक शिव्या घालत बाजूनं निघून गेले. दोघं उतरून गाडीला वळसा घालून आपापल्या नव्या जागी येऊन बसले, तोवर पुन्हा लाल झाला होता.

मास्तर शेजारच्या सीटवर बसले. बत्तीस वर्षांची ओळखीची जागा, फक्त पायाखाली काही नाही. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि उजवीकडे मान वळवली. इथून विजेच्या पेटीच्या कडेनं नजर थेट आत जात होती. उजवीकडचा रस्ता टोकापर्यंत दिसत होता, शेवटच्या घराच्या फाटकापर्यंत, फाटकाशी ठेवलेल्या कुंड्यांपर्यंत. त्या सकाळी ती इथे बसली होती. हेच बघत होती. रस्ता रिकामा आहे हे तिला दिसत होतं आणि त्यांना दिसत नाहीये हेही तिला दिसत होतं. एकसष्ट वर्षांच्या त्या बाईनं, छातीत कळ असताना, नवऱ्याचा मान ठेवून, जा म्हटलं नाही, लाल तोडा म्हटलं नाही. परवानगी मागितली. आपल्याला चालवता येतं हे गुपित तिनं एप्रिलसाठी जपून ठेवलं होतं आणि त्या क्षणी ते तिनं त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी तिला श्वास घ्यायला सांगितलं.

किती सेकंद उरले होते कोण जाणे. मास्तरांना आधी काहीच झालं नाही. ते नुसते त्या कुंड्यांकडे बघत राहिले, त्यांत काय लावलंय ते ओळखायचा प्रयत्न करत. मग पाठीमागून ते आलं. दवाखान्यात आलं नव्हतं, लेक गळ्यात पडून रडली तेव्हा आलं नव्हतं, लग्नातल्या रिकाम्या खुर्चीशेजारी आलं नव्हतं. मुलगी समोर सिग्नलकडे बघत राहिली, डोळे न हलवता. म्हाताऱ्या माणसाच्या रडण्याचा आवाज इतका ओबडधोबड असतो हे तिला माहीत नसावं. हिरवा झाल्यावर तिनं गाडी सोडली. नवखा हात होता, क्लच थोडा लवकर सुटला, गाडीनं आचका दिला आणि डावीकडून एक सायकलवाली अगदी जवळून आडवी गेली. मास्तरांचा पाय जागचा हलला नाही. मुलीनं सायकलवालीला चुकवलं. कुणीही सहज चुकवली असती. शंभर पावलांचं अंतर होतं ते, दवाखान्याचं फाटक लगेच आलं आणि मागे पडलं.

शोरूममध्ये परतल्यावर मुलीनं पाण्याचा पेला आणला आणि फाइल मिटायला घेतली. मास्तर म्हणाले, थांबा, नाव खोडायचं राहिलंय. तिनं एक छापील कागद काढून दिला. नोंद रद्द करण्याचं कारण, असं त्यावर होतं आणि खाली चार ओळींची जागा. मास्तरांनी चष्मा पुसला. अक्षर सुटून चालणार नव्हतं, म्हणून त्यांनी सावकाश, एकेका शब्दावर थांबत लिहिलं:

यांना गाडी चांगली चालवता येत होती. माझी पत्नी, वय एकसष्ट, याच वर्षी सतरा मार्चला, मंगळवारी, सकाळी नऊ वाजून बावीस मिनिटांनी, दवाखान्याच्या अलीकडच्या सिग्नलवर, माझ्या शेजारी वारली.